आकडी पोचेल तिथवर

माझ्याकडे एक जुना, जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. आमचे हे त्याला कब्रस्तान म्हणतात. जे शब्द आता कोणी बोलत नाही त्यांच्या डोक्याशी छापणाऱ्यानं क्रूसासारखी बारीक खूण केलेली आहे, आणि काही पानांवर तर खुणाच खुणा. मी चष्मा लावून बसले की हे स्वयंपाकघरातून विचारणार, "आज कोणाच्या मजारीवर फुलं?" ह्यांची सगळी नोकरी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बॉयलरपाशी गेली. ज्या माणसानं आयुष्यभर वाफ सांभाळली त्याला शब्दांचं काय कौतुक, असं मी ऐकवते. मग ते चहा आणून ठेवतात आणि मी गप्प होते, कारण चहा ते माझ्यापेक्षा चांगला करतात.

हा शब्दकोश मला मामूंच्या रद्दीच्या दुकानात मिळाला. चंद्रपुरातला कुठलासा जुना बंगला रिकामा झाला होता आणि त्यातली पुस्तकं पोत्यांत भरून मामूंच्या काट्यावर आली होती. बाकीच्यांना वाळवी लागलेली, हा मात्र शाबूत. "इतका पातळ कागद, धड पुड्यासुद्धा बांधता येत नाहीत," मामू वैतागून म्हणाले. "ले जा बेटी, जागा तरी मोकळी होईल." तेव्हा मी कॉलेजात होते. घरात उर्दू, गल्लीत हिंदी, शाळा मराठी आणि वर हे इंग्रजीचं धूड. अम्मीला वाटलं पोरीला नाद लागला. खरंच लागला, आणि अजून सुटलेला नाही.

त्यात नुसता अर्थ नाही. कोणता शब्द कधी जन्मला, कोणाच्या तोंडी वाढला, मधे कुठे बिघडला, हे सगळं जुन्या वाक्यांचे दाखले देऊन सांगितलेलं आहे. 'नाइस' म्हणजे एके काळी मूर्ख. 'सिली' म्हणजे भाग्यवान, ज्याच्यावर देवाची कृपा आहे असा. मुलचेऱ्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते तेव्हा हे वर्गात बोलून बसले आणि पोरांनी पुढचे कित्येक दिवस मैदानात एकमेकांना 'नाइस, नाइस' म्हणून चिडवलं. मुख्याध्यापक खूश. म्हणाले, मॅडम, मुलं इंग्रजीतून एकमेकांचं कौतुक करायला लागली. मी कशाला खुलासा करते!

पण माझा खरा जीव जडला तो जंगलाच्या शब्दांवर. 'फॉरेस्ट' हाच शब्द घ्या. आज आपण त्याचा अर्थ झाडी असा घेतो. जुन्या इंग्रजीत तसं नव्हतं. राजाच्या शिकारीसाठी राखलेली, बाकीच्यांच्या कायद्यातून बाहेर काढलेली जमीन म्हणजे फॉरेस्ट. तिथे झाडं असोत की नसोत. मुळात तो शब्द 'बाहेर' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, असं बरेच जाणकार मानतात. हे वाचलं तेव्हा मी मुलचेऱ्यात खोली घेऊन राहत होते, खिडकीतून साग आणि येनाची झाडं दिसत होती, आणि तिथल्या बायका 'फारेस्टवाले' म्हणताना आवाज खाली का आणतात ते मला एकदम समजल्यासारखं झालं.

राजानं जंगल घेतलं तरी आजूबाजूच्या गावांना चूल पेटवायचीच होती. म्हणून त्यांच्याकडे बारीकसारीक हक्क उरले, आणि गंमत म्हणजे प्रत्येक हक्काला वेगळं नाव. गरजेपुरतं लाकूड घेण्याचा हक्क तो 'एस्टोव्हर'. आपल्याकडे ज्याला निस्तार म्हणतात त्याचा हा सख्खा भाऊ. त्यात पुन्हा पोटभेद. चुलीसाठी घ्यायचं ते 'फायरबोट', नांगरासाठी 'प्लाउबोट', कुंपणासाठी 'हेबोट', घराच्या डागडुजीसाठी 'हाउसबोट'. यातलं बोट म्हणजे जुन्या इंग्रजीत दुरुस्ती, उपयोग. हाउसबोट ऐकून ह्यांना काश्मीर आठवलं आणि पुढचे दोन दिवस तिकिटांच्या चौकशा झाल्या. गेलो नाही ते सोडा.

आता मुरीवालीबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी हकीकत तिच्या चुलीची आहे.

मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. माझी खोली अशाच एका वस्तीत होती. हे ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, मी तिथे, शनिवारी बस पकडून घरी यायचं. माझ्या भिंतीला भिंत लागून मुरीवालीचं घर. मुरी म्हणजे आपले मुरमुरे, पण तिच्यासमोर मुरमुरे म्हटलं की ती दुखावते, कारण ते कारखान्यात होतात आणि मुरी हातानं होते. बाई उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढीच. नवरा लवकर गेला. मिठाचं पाणी लावलेला तांदूळ एका मडक्यात गरम करायचा, शेजारच्या कढईतल्या तापलेल्या वाळूत ओतायचा, काड्यांच्या झाडूनं दोन हात फिरवायचे, की सगळा तांदूळ चटचटत फुलून वर येतो. मी वह्या तपासत असले की त्या आवाजावरून मला तिचा मूड कळायचा. संध्याकाळी मोहरीचं तेल, मिरची आणि कांदा घातलेली मुरी माझ्यासाठी वाटीत झाकून ठेवलेली असायची. ती मला दिदीमणी म्हणते, म्हणजे त्यांच्याकडे मास्तरीणबाई. मी तिला दीदी. बोलणं हिंदीत, तेही दोघींनी आपापल्या सोयीनं वाकवलेलं.

मुरीला जाळ सारखा लागतो, आणि तो पसरट लागतो. गॅसवर तिनं करून पाहिलं. वाळू मधेच तापते, कडेला थंड राहते आणि निम्मा तांदूळ दातखीळ बसल्यासारखा कडक राहतो. शिवाय तेवढ्या सिलिंडरला पैसा कुठून आणणार? म्हणून ती वस्तीमागचा नाला ओलांडून पलीकडच्या जंगलातून वाळक्या काटक्या आणते, सायकलच्या कॅरिअरला बांधून. वाघाची भीती म्हणून बरोबर कोणीतरी असतं. मुलचेऱ्याचा आणि चामोर्शीचा बाजार, दोन्हीकडे तिची मुरी जाते. त्यावर तिचं घर चाललं आणि अजून चालतं. दुसरं काही ती करत नाही आणि या वयात करणारही नाही.

त्या जंगलात येणारा नाल्याच्या अल्याडचा की पल्याडचा, हे आधी कधीच कोणी मोजलं नव्हतं. मग तिथल्या गोंडांच्या गावाला त्याचा सामूहिक वनहक्क मिळाला. फार झगडून मिळाला. गावानं राखण सुरू केली, वणवा थांबवला, चोरून सागवान नेणारे ट्रॅक्टर अडवले. त्या राखणीत पुढे असलेला एक गडी माझाच विद्यार्थी, वर्गात मागच्या बाकावर बसून छताकडे बघणारा. त्यानं एके दिवशी मुरीवालीलाही अडवलं. अंगावर ओरडला नाही, काही हिसकावलं नाही. फक्त भारा सायकलवरून उतरवून ठेवायला लावला आणि म्हणाला, "बाई, आता इथून नाई न्यायचं. नियम होईन तवा पाहू."

हे मला मुरीवालीनं नाही, माझ्या दुसऱ्याच एका विद्यार्थिनीनं सांगितलं. ती त्याच गावची, आणि आता ग्रामसभेची सचिव. गेल्या हिवाळ्यात, धानाची मळणी उरकल्यावर, तिचा फोन आला.

"मॅडम, तुमी आमच्या अभ्यास गटात या ना. वर्गात सांगत होत्या तुमी, इंग्रज लोकायच्या जंगलाचे शब्द. आमी आता नियम करून राह्यलो, कोणं काय न्यायचं, किती न्यायचं. दुसरीकडचे लोकं कसे करत होते थे बी समजलं पाह्यजे."

"मुरीवालीचं काय?" मी विचारलं.

"थेच त भांडन हाय मॅडम. नाल्याच्या पल्याडच्यायले येऊ द्याचं का नाई. एकमत होऊन नाई राह्यलं."

त्या गावात हात वर करून मतं मोजत नाहीत. एका माणसाचंही मन मानत नसेल तर गोष्ट पुढच्या सभेवर जाते. आणि जोवर ठरत नाही तोवर बंदच. म्हणजे मुरीवालीची चूल किती दिवस विझलेली राहणार ते कोणाच्याच हातात नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, मी जाते. हे म्हणाले, "कब्रस्तान घेऊन?" आणि बस स्टँडवर सोडायला आले तेव्हा तो जड शब्दकोश त्यांनीच पिशवीत घालून खांद्याला लावला होता.

आदल्या संध्याकाळी मी मुरीवालीकडे उतरले. घर तेच, कढई पालथी. वाळूवर मांजर झोपलेलं. तिनं डब्याच्या तळची शेवटची मुरी मला कालवून दिली, आणि मी खातेय ते बघत बसली.

"दीदी, मी उद्या त्यांना सांगते," मी म्हटलं. "माझे विद्यार्थी आहेत, माझा शब्द मोडणार नाहीत."

"नहीं दिदीमणी. मेरे लिये कुछ मत बोलना." तिचा आवाज असा कडक मी कधी ऐकला नव्हता. "जंगल उनका है. लड़ के लिया है. हम भी एक बार सब छोड़ के आये थे, मालूम है. माँगूँगी नहीं."

माझी पंचाईत झाली. रागही आला. एवढ्या लांब आले ते काय फायरबोट आणि प्लाउबोट सांगायला? पण तिनं माझ्याकडून वचनच घेतलं, आणि मी ते दिलं, कारण नाही म्हटलं असतं तर ती रात्रभर झोपली नसती. मीही झोपले नाही ते वेगळं.

सकाळी नाला ओलांडून गेले. पाणी घोट्याएवढंच होतं. गावाच्या मधोमध गोटूल आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून बसायचं मोठं छप्पर. सचिवबाईंनी मला आधीच बजावलं की सकाळी अभ्यास, मग जेवण, मग सभा. अभ्यासात कोणी काहीही विचारावं, कोणी काहीही सांगावं. सभेत मात्र पाहुण्यानं बसायचं, बोलायचं नाही. हा त्यांचा रिवाज आहे आणि तो कलेक्टर आला तरी बदलत नाही. मी मान डोलावली. तसंही माझं तोंड आदल्या दिवशीच बांधलेलं होतं.

अभ्यासाला गाव लोटलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, आणि सगळ्यांत पुढे गावातली एक फार म्हातारी बाई, पाय पसरून. मी सांगत होते, सचिवबाई माझं मराठी म्हाताऱ्यांसाठी गोंडीत करत होत्या. एस्टोव्हर सगळ्यांना लगेच पटला. नांगराच्या लाकडाला वेगळं नाव आहे म्हटल्यावर पुरुषांनी समाधानानं एकमेकांकडे पाहिलं. मग मी पॅनेजवर आले. शरद ऋतूत गावची डुकरं जंगलात सोडायची, झाडाखाली पडलेली फळं त्यांना खाऊ द्यायची, त्याचा हक्क म्हणजे पॅनेज. आमच्या सात पिढ्यांत डुकरांवर भाषण करणारी मीच पहिली असेन. अब्बा असते तर टोपी सारखी करून उठून गेले असते.

"कायचे फळं खात होते डुकरं?" एका बाईनं विचारलं.

ओकच्या झाडाची, मी सांगितलं.

"मोहा?"

"नाही. तिकडे मोहा होत नाही."

हे गोंडीत गेलं आणि बायकांमध्ये हळहळ पसरली. मोहा नाही! म्हातारीनं तर गालाला हात लावला. खरं म्हणजे मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

मग मी माझी आवडती गोष्ट काढली. इंग्रजीत 'बाय हुक ऑर बाय क्रुक' असं म्हणतात. आज त्याचा अर्थ वाटेल ते करून, सरळ नाहीतर आडमार्गानं. पण एक जुनी समजूत अशी की राजाच्या जंगलात गरिबांना कुऱ्हाड न्यायची बंदी होती. मेंढपाळाच्या आकडीनं किंवा कोयत्यानं ओढून जी वाळकी फांदी खाली येईल ती मात्र न्यायची मुभा, म्हणजे आकडी पोचेल तिथवरचीच. विद्वानांचं यावर एकमत नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. ते कोणी ऐकलं नाही. कारण तोवर राखणीवाला उठला होता. छपराच्या वळचणीला शेळ्यांना पाला काढायची बांबूची आकडी खोचलेली होती, ती घेऊन तो बाहेरच्या येनाखाली गेला, आणि अर्धं गाव त्याच्यामागे.

त्यानं एक वाळकी फांदी धरून ओढली. कड्कन मोडून खाली आली. मग एक ओली धरली. ती वाकली, लवली, आणि सुटून पुन्हा वर गेली. त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मान वर करून करून त्याची मान आखडली, डोळ्यांत कचरा गेला.

"दिवसभर केलं तं एक भारा निंगल," तो डोळा चोळत म्हणाला. "जास्त नाई."

परत बसल्यावर म्हातारीनं विचारलं की मग आता ते लोक जंगलात जातात का. मी सांगितलं की नाही. पुढे मोठ्या जमीनदारांनी कुंपणं घातली, सगळ्यांची जमीन एकेकाची झाली, आकडीही बंद झाली. फार जुनी गोष्ट आहे, असंही म्हटलं. पण या गावात जुनी गोष्ट संपलेली धरत नाहीत. त्यांच्या देवानं अमुक डोंगर ओलांडला ते कधीचं, विचाराल तर सांगता येणार नाही, पण तो कुठे दमून बसला ते काल पाहिल्यासारखं दाखवतात.  मागून एका बाईचा आवाज आला, "मंग चुली कायच्यानं पेटवत असतीन जी थे?"

मी उत्तर देणार तोच जेवणाची हाक आली.

भात, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी. कोंबडी आमच्या रीतीनं कापलेली नाही म्हणून त्यांनी आपणहून माझ्यासाठी वेगळी शाकाहारी पंगत मांडलेली. मी पोटभर जेवले, पण मनात कुढत होते. माझे शब्द सांगून झाले होते आणि मुरीवालीचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

सभा सुरू झाली आणि पहिल्यांदा म्हातारीच बोलली. गोंडीत, बराच वेळ. सचिवबाई माझ्या कानाशी लागून सांगत होत्या आणि सांगताना त्यांचा चेहरा कसनुसा होत होता. म्हातारीचं म्हणणं असं होतं. ह्या मॅडमनं फार वाईट बातमी आणली आहे. विलायतेत गरिबांच्या चुली बंद पडल्या आहेत. त्यांच्याकडे मोहा नाही, आता लाकूडही नाही. त्यांचे मोठे लोक वाईट वागले, आपल्यालाही त्यांचा त्रास झाला, पण चूल विझलेल्या बाईचा त्यात काय दोष? ते लोक इकडे आले तर आपण त्यांना वाळकं लाकूड न्यायला नाही म्हणू नये.

मला एकदम हसू फुटलं, ते पदरात दाबलं.  अहो, ते सगळे गॅसवर स्वयंपाक करतात, घरं उबदार आहेत, कोणी येत नाही इकडे लाकडाला! मी तोंड उघडलं. सचिवबाईंनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. पाहुणा सभेत बोलत नाही.

आणि बघता बघता सगळे हो म्हणत गेले. पुरुषांतून हो, बायकांतून हो. जिथे शेजारच्या वस्तीसाठी एवढे दिवस एकमत होत नव्हतं, तिथे विलायतेसाठी कोणाची ना नव्हती. मला आता हसू येईना. मला मनापासून राग आला. नाल्यापलीकडे एक बाई पालथ्या कढईपाशी बसली आहे, आणि तुमची माया समुद्र ओलांडून जाते? वचन दिलं नसतं आणि रिवाज नसता तर मी त्या दिवशी फार वाईट बोलले असते.

राखणीवाला तेवढा गप्प होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, कारण त्याच्या होकाराशिवाय ठराव होत नव्हता. तो बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला.

"येतीन तं कुठून येतीन?" त्यानं विचारलं.

कोणाला कळेना.

"नाई, म्हणजे पाहा ना. इकडं आपलंच जंगल, त्याच्या मांगं पहाडी. तिकडून त कोणी येत नाई. सडक हाय थे नाल्याच्या पल्याड. इंग्रज असो का कोणी असो, येईन तं नालाच उतरून येईन. मंग बरोबर लिवा ना, अर्धं काऊन लिवता?" तो सचिवबाईंकडे वळला. "असं लिवा. नाल्याच्या पल्याडून जो येईन, आपल्या हातानं आकडी धरीन, त्यानं सुकं लाकूड न्यावं. कुऱ्हाड नाई, बैलबंडी नाई, ट्रॅक्टर त नाईच नाई."

सचिवबाईंचा पेन थांबला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागे कोणीतरी म्हणालं, "पल्याडून त कोणीबी येईन मंग."

"येऊ द्या ना," तो म्हणाला, पुन्हा रेघा ओढत. "आकडीनं कोणी जंगल नेते का?"

 मी बायकांचे चेहरे बघत होते. एकेकीला कळत गेलं, आणि ज्या बाईनं चुलींचं विचारलं होतं तिनं तोंडावर पदर घेतला. म्हातारीनं मात्र गडबडीनं सगळ्यांना विचारून घेतलं, कोणाचं मन मानत नाही का? कोणाचंच नव्हतं तसं. ठराव झाला. माझ्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं आणि म्हातारीला वाटलं मला माझ्या इंग्रजांसाठी रडू आलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळच्या बससाठी राखणीवाल्यानंच मला मोटरसायकलवरून सोडलं. नाल्यात गाडी सावकाश घालताना तो पुढे बघतच बोलला.

"मॅडम, त्या दिवशी बाईचा भारा उतरवला ना, तवा मी सोडून पाह्यला होता. एकबी ओली काडी नोती त्यात."

"मग जाऊ का नाही दिलंस?"

"कसं देणार? एकीले सोडलं तं मांगून ट्रॅक्टरवाला येऊन म्हणते, मलेबी सोड. तिले कायच्या नावानं सोडावं, थे नावच नोतं माह्याजवळ." जरा वेळानं म्हणाला, "तुमी वर्गात सांगत होत्या, तवा मले वाटे काय हे मेलेले शब्द."

वर्गात छताकडे बघत असताना तो ऐकतही होता, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं. 

मुरीवालीला मी जाताना फक्त एवढंच सांगितलं की मी तिच्यासाठी एक शब्दही बोलले नाही. ते खरं होतं. बाकीचं सचिवबाईंनी दुसऱ्या दिवशी तिच्या दारात येऊन सांगायचं असं ठरलं होतं, कारण ठराव गावाचा होता, माझा नव्हता. घरी येऊन ह्यांना सगळी गोष्ट सांगितली. विलायतेच्या ठरावावर ते इतके हसले की चहा सांडला, आणि मग बराच वेळ शब्दकोशावरची धूळ आपल्या रुमालानं पुसत बसले.

थोड्या दिवसांनी मुरीवालीचा फोन आला. मागे तांदूळ फुटल्याचा आवाज येत होता, म्हणजे मूड चांगला. राखणीवाला घरी येऊन गेला, म्हणाली. आकडी घेऊन आला होता, तिच्यासाठी नवी केलेली. हिरवा, सरळ बांबू, टोकाला पक्कं बांधलेलं आकड्याचं लाकूड. पण त्याचा लांबीचा अंदाज कसा चुकला काय माहीत, ती तक्रार करू लागली. एवढी लांब आकडी तिनं जन्मात पाहिली नव्हती. दोन गड्यांनी मिळून नाला पार करून आणावी लागली. ही तर तिथे सगळ्यात बुटकी बाई.

"तू विचारलं नाहीस, इतकी लांब कशाला?"

"पूछा ना! तो बोला, नियम में आकडी लिखा है, लंबाई नहीं लिखा." तिला ते अजून नीट उमगलं नव्हतं. "दिदीमणी, अब इसको रखूँ कहाँ? घर में तो घुसती ही नहीं."